नवाबाची न्हाई, चांद मिस्त्रीची गाडी

ते आवाज धरायचं मशीन चालू केलंत ना ताई, मग लिहून घ्यायचं तर पहिल्यापासनं घ्या, न्हाईतर मधलंच वाचून कुणीतरी म्हणायचं भानुदास खोटा, आणि तेवढंच लोकांच्या ध्यानात राहायचं. मी खोटा हायच, ते मीच सांगणार हाय, पण माझ्या टायमाला सांगणार.

मी घाटनांदूरचा. माझ्या बापाच्या दावणीला स्वतःचं एक जनावर न्हवतं. दुसऱ्या व्यापाऱ्यांचे बैल तो बाजाराला हाकत न्यायचा, चालत, आज हा बाजार तर परवा तो, आणि येताना मोकळा दोर खांद्यावर टाकून चालतच माघारी यायचा. मी बी त्याच्यामागं चालून चालून मोठा झालो. पण बाप बैलांकडं बघत चालायचा आणि मी व्यापाऱ्यांच्या तोंडाकडं बघत चालायचो, एवढाच फरक. लग्नाच्या आधीच मी स्वतःच्या नावानं सौदे करायला लागलो. मला कुणी शिकवलं न्हाई, कुणी आधार दिला न्हाई, आणि जे आज म्हणत्यात की भानुशेठला आमीच उभं केलं, त्यांच्यातल्या एकानं बी मला तवा कपभर चहा पाजला न्हवता. ते बी लिहा.

बैलाच्या धंद्यात दोन गोष्टी हायत. एक म्हणजे बाजाराला न्यायच्या आधी शिंगं साळायची. कानशीनं, काचेनं खरवडून शिंगाची जुनी खपली काढायची, तेल चोळायचं, रंग द्यायचा, मग म्हातारा बैल बी जवान दिसतो. दुसरी गोष्ट, दावण सांगायची. घेणाऱ्याला बैल दिसतो, दात दिसत्यात, चाल दिसती, पण त्याला गोष्ट बी पाहिजे. हा कुणाच्या दावणीचा? मग सांगायचं, अमक्या पाटलाच्या दावणीचा, पाटलाचा हात पडला लकव्यानं म्हणून विकायलेत, न्हाईतर सोन्यानं मढवला तरी दिला नसता. ह्यातलं अर्धं खरं असतं, अर्धं नसतं, आणि घेणाऱ्याला बी ते ठाऊक असतं. तो घरी जाऊन तीच गोष्ट शेजाऱ्याला सांगतो. सात-आठ वर्षांत बैल मरतो, त्याच्यासंगं गोष्ट बी मरती. कुणाचं काही वाईट होत न्हाई. माझी चूक झाली ती इथं झाली ताई. गाडी मरत न्हाई.

आता गाडी कशाला पाहिजे होती ते सांगतो. नेकनूरच्या बाजाराला शेतकरी बैल घेऊन पहाटे चालत निघायचे. बाजारात पोचल्यावर त्यांच्याभोवती दहा व्यापारी जमायचे आणि भाव चढायचा. मी म्हणलो, बाजारात कशाला भेटायचं, वाटंवरच भेटायचं, इसार देऊन टाकायचा, बैल तिथंच आपला. पण त्यासाठी सगळ्यांच्या आधी पोचायला पाहिजे, आणि परळीच्या एका व्यापाऱ्याकडं नवी कोरी जीप होती. त्याच्या जीपच्या पुढं जाईल असं काहीतरी मला पाहिजे होतं आणि नवीन घ्यायची माझी ऐपत न्हवती.

मग मी चांदकडं गेलो. चांद मिस्त्री, स्टेशनच्या वाटंला पत्र्याच्या शेडात त्याचं दुकान. ट्रॅक्टर, मोटारी, पिठाची गिरणी, काय म्हणाल ते दुरुस्त करायचा. पेचकसाची मूठ कानाला लावायचा, टोक इंजिनावर टेकवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा, डॉक्टर छाती ऐकतो तसा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, पण एकमेकांना अरे-तुरेच. मी म्हणलो, चांद, मला पळणारी गाडी पाहिजे, स्वस्तात. तो म्हणला, कितनी पळणारी? मी म्हणलो, परळीवाल्याच्या तोंडात धूळ गेली पाहिजे. त्यानं विडी विझवली आणि म्हणला, मग गाडी नै भान्या, बला बनाते.

दोन उन्हाळे लागले. मिलिटरीच्या लिलावातनं जीपची चेसी आणली, म्हणजे खालचा नुसता सांगाडा. त्याच लिलावात एका ट्रकचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पडलं होतं, ते भंगाराच्या भावात मी उचललं, दोन तास भांडून. ट्रकचं इंजिन जीपच्या अंगात मावतंय का? न्हाई मावत. चांदनं चेसी मधूनच कापली, हातभर लांब केली, वेल्डिंग मारलं. मला वाटलं मोडणार. तो म्हणला, मोडली तर माझ्या अंगावर मोड. पुढचं तोंड न्हवतं, ते आमाला कापसाच्या जिनिंगच्या आवारात घावलं, गवतात एक जुनी विलायती मोटार सडत पडली होती, तिचा लांब नाकाचा बॉनेट आणि जाळी तेवढी धड होती. बॉनेट इंजिनाला अरुंद पडला, म्हणून चांदनं दोन्ही बाजूचे पत्रे कापूनच टाकले, इंजिन उघडं. मडगार्ड न्हाईत, टप न्हाई, दारं न्हाईत. बोअरचे दोन पाइप वाकवून दोन्ही अंगानं धूर काढला. मागची चाकं मोठी, पुढची बारकी, त्यामुळं उभी राहिली तरी पळायच्या बेतात हाय असं वाटायचं.

पहिल्यांदा चालू केली तवा स्टेशनवरची कबुतरं उठली ती संध्याकाळपर्यंत बसली न्हाईत. माझ्या बापानं बघितली आणि म्हणला, ही तर उंडगी गाय हाय, कुणाच्याबी रानात घुसणार. तवापासून तिचं नाव उंडगी.

ब्रेक बेताचाच होता. मी चांदला म्हणलो, बे, थांबायचं कसं? तो म्हणला, थांबायचं असतं तर बैलगाडी घेतली असतीस. पण काय सांगू तुमाला, पळायची. घाटनांदूरहून निघायचो, तो शेजारी बसायचा, कान इंजिनाकडं, आणि मला सांगायचा, आता सोड, आता दाब, आता तिला श्वास घेऊ दे. अंबाजोगाईच्या रस्त्याला एकदा परळीवाला पुढं होता, आमी त्याला गाठला, चांदनं चालत्या गाडीतनं त्याला सलाम केला. त्या दिवशी सात जोड्या आमी वाटंवरच घेतल्या आणि परळीवाला रिकाम्या बाजारात उभा. सहा वर्षं मी त्या गाडीवर कमावलं. आज माझं घर, जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा, सगळ्याचं मूळ उंडगीत हाय, म्हणजे चांदच्या हातात हाय. हे मी कधी नाकारलं न्हाई. निदान स्वतःशी तरी न्हाई.

मग विकली कावून, तर ट्रॅक्टरचा धंदा सुरू करायचा होता आणि भांडवल पाहिजे होतं. वडवणीकडचे रंगनाथराव, मोठे जमीनदार, राजकारणातले, त्यांनी बाजारात उंडगी बघितली होती आणि त्यांच्या मनात भरली होती. मिरवणुकीत उभं राहायला पाहिजे होती त्यांना. ते येणार म्हणल्यावर मी गाडीची शिंगं साळली. हसू नका. सवयच ती. कानस घेतली, पॉलिश पेपर घेतला, जुना रंग, गंज, सगळं खरवडलं, आणि चेसीवर एक आकड्यांची खडबडीत ओळ होती, ती दिसायला बरी दिसत न्हवती म्हणून ती बी घासून सपाट केली. वर लाल रंग मारला. आरशावानी चमकायलेली गाडी.

रंगनाथराव आले, दोन चकरा मारल्या, जाळीवर हात ठेवला आणि म्हणले, भानुदास, कुणाच्या दावणीची ही?

आता तुमीच सांगा, मी काय सांगायला पाहिजे होतं? घाटनांदूरच्या एका मिस्त्रीनं भंगारातनं जोडली असं सांगितलं असतं तर त्यांनी भंगाराचा भाव केला असता. मी विचार बी केला न्हाई, तोंडातनं आपोआप निघालं. म्हणलो, हैदराबादच्या नवाबाची. शर्यतीचा नाद होता त्याला. बोटीनं विलायतेहून आणली, आणि पोलीस ॲक्शनच्या टायमाला नवाब गेला पळून, गाडी राहिली आमच्या जिनिंगमध्ये गवताखाली. चांदनं नुसती साफसफाई केली. रंगनाथरावांनी मान हलवली, एक चहा घेतला आणि मी मागितला तो भाव दिला. एक चहा, ताई. एक कागद मागितला न्हाई त्यांनी.

संध्याकाळी चांदच्या दुकानात गेलो. तो इंजिन ऐकत होता कुणाचंतरी. डोळे मिटूनच म्हणला, दिली? मी म्हणलो, दिली. म्हणला, किसने बनाई, पूछा क्या? मी म्हणलो, विचारलं ना. म्हणला, मग? मी म्हणलो, सांगितलं की, आमच्या चांद मिस्त्रीनं. म्हणला, क्या बोले? मी म्हणलो, बोलणार काय, तोंडात बोट घातलं त्यांनी.

रंगनाथरावांना सांगितलं तो धंदा होता. चांदला सांगितलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून बी ठरवता येत न्हाई.

त्यानंतर पस्तीस वर्षं चांद प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आला. ट्रॅक्टर दुरुस्तीला आणलेला कुणी कुरबूर करायला लागला की म्हणायचा, मेरा काम देखना है तो रंगनाथरावांकडं जा, त्यांच्या वाड्यावर माझी गाडी उभी हाय, माझं नाव सांगतील ते. आणि मी तिथंच बाकड्यावर बसलेलो असायचो. मी चहाच्या कपात बघायचो. कुणी गेलं न्हाई विचारायला, ते माझं नशीब. रंगनाथराव वारले, गाडी शेडात पडून राहिली, मला वाटलं सडली असेल, मिटलं.

मिटलं न्हाई. त्यांचा नातू विक्रांत, पुण्याला शिकून आला आणि रस्त्याकडंच्या शेतात मंगल कार्यालय काढलं. उंडगी शेडातनं बाहेर काढली, पुण्याहून माणसं आणून चकाचक केली आणि कार्यालयाच्या दारात काचेच्या खोलीत उभी केली. नवरा-नवरी तिच्यापुढं उभी राहून फोटो काढत्यात. आणि शेजारी बोर्ड, सोनेरी अक्षरात: हैदराबादच्या नवाबाची शर्यतीची मोटार, विलायतेहून जहाजाने आणलेली. माझी गोष्ट, शब्दाला शब्द, फक्त बोटीचं जहाज केलं.

गेल्या हिवाळ्यात चांद तिथं एका लग्नाला गेला. मला हे त्याच्या सुनेनं, नसीमनं सांगितलं. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू, पण काचेतनं गाडी त्यानं ओळखली. सगळ्या पाहुण्यांना बोलावलं, नातीला पुढं केलं, म्हणला, ही मी बनवली, ह्या हातानं. तिथला वॉचमन म्हणला, बाबा, काचेला हात लावू नका, नवाबाची गाडी हाय. चांद म्हणला, अरे कोण नवाब? वॉचमननं बोर्डाकडं बोट केलं. चांदनं नातीला वाचायला लावलं. तिनं वाचलं, आणि पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. चांद जेवला न्हाई. घरी येऊन एवढंच म्हणला, ये नवाब भान्याच्या तोंडातला हाय.

तवापासून माझ्याशी बोलणं बंद. दुकानात गेलो की तो ट्रॅक्टरखाली शिरतो. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखत्यात, पण माझी चप्पल वाजली की ट्रॅक्टरखाली. घरी गेलो तर नसीम दारात, म्हणती अब्बा झोपलेत. आत खोकला ऐकू येतो. माझ्या घरात बी तेच, आमची मंडळी मला म्हणाली, तुमी बैलाला फसवलं, बाजाराला फसवलं, ते चाललं, पण त्याला कावून? जसं काय मी मुद्दाम केलं.

मला राग आला तो विक्रांतवर. आता तुमी म्हणाल त्याचा काय दोष, पण मला आला. मी गेलो कार्यालयात आणि म्हणलो, हा बोर्ड काढ. पोरगं लई गोड बोलतं, ते अजून वाईट. म्हणलं, बसा काका, पाणी घ्या. काका, तुम्ही म्हणता ते खरंही असेल, पण काही कागद आहे का? फोटो, पावती, चेसी नंबर? पुण्याचे जुन्या गाड्यांचे जाणकार चार-पाच महिन्यांत येतायत, त्यांना इतिहास लागतो.

इतिहास. ह्याच्या आजोबानं एका चहात खोटं घेतलं आणि हा मला खऱ्याचा कागद मागायलाय.

मी म्हणलो सौदा करू. आमच्यात मोठ्यानं भाव बोलत न्हाईत, उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबून ठरवत्यात. मी सवयीनं खांद्यावरचं उपरणं त्याच्या हातावर टाकलं आणि त्याची बोटं धरली, तर पोरगं घाबरलं, ओरडलं, अरे पाणी आणा, काकांना चक्कर यायलीय, बीपीचा त्रास आहे का काका? चार वेटर धावले. मला खुर्चीत आडवं केलं. अशा माणसाशी सौदा कसा करायचा?

शेवटी तोंडानंच केला. घासाघीस करून मी त्याला इथवर आणला की वर नवाब राहू दे, खाली बारीक अक्षरात लिही, दुरुस्ती: चांद मिस्त्री, घाटनांदूर. तो लगेच हो म्हणला. मला वाटलं जिंकलो. तसाच चांदच्या दारात गेलो आणि नसीमला मोठ्यानं सांगितलं, आत ऐकू जावं म्हणून. आतनं आवाज आला, तिलाच म्हणला, उसको पूछ, अर्धा बैल विकतोस का कधी?

मग मी म्हणलो ठीक हाय, कागद पाहिजे ना, कागद आणतो. आणि ह्या वयात मी त्या गाडीचं मूळ शोधत फिरायला लागलो. आधी आरटीओच्या कचेरीत. तिथली बाई चांगली होती, म्हणाली, काका, जुने रजिस्टर बघते, चेसी नंबर सांगा. मी म्हणलो नंबर घासला गेलाय. म्हणाली, कुणी घासला? मी म्हणलो, होता एक हरामखोर. ती म्हणाली, मग त्यालाच शोधा. मी जिना उतरून खाली आलो आणि नळाला तोंड धुतलं.

मग जिनिंग. जिनिंगचे प्लॉट पडलेत, तिथं आता दुमजली घरं हायत, ज्या जागी ती विलायती मोटार सडत होती तिथं एक माणूस चाळणीनं वाळू चाळत होता. जिनिंगच्या जुन्या मुनीमाची म्हातारी तेवढी घावली. ती म्हणाली, मोटार अंबाजोगाईच्या एका डॉक्टरची होती, त्यानं पेट्रोल परवडंना म्हणून आणून टाकली. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. मी म्हणलो, हे लिहून देती का? म्हणाली, मला लिहिता कुठं येतंय, आणि अंगठा द्यायला पोरगा न्हाई म्हणतो.

आणि सगळ्यात कहर म्हणजे स्टेशनसमोरचा हॉटेलवाला. माझ्याहून म्हातारा, त्याच्या डोळ्यादेखत गाडी बनली, आमाला रोज चहा तोच द्यायचा. मी म्हणलो, आठवतंय का उंडगी? म्हणला, आठवतंय म्हणजे काय, नवाबाची गाडी ती. मी म्हणलो, अरे कोण नवाब? म्हणला, अरे तू विसरला का, नवाब स्वतः यायचा आगगाडीनं, त्याची बेगम पडद्यात बसायची, माझ्या बापाच्या हातचा चहा घेतलाय त्यानं. पिवळी शेरवानी होती. माझीच थाप, मलाच विकायलाय, आणि वर शेरवानी घालून. मी त्याच्यावर ओरडलो, तर गिऱ्हाइकं म्हणली, भानुशेठ, म्हाताऱ्याला कशाला दटावता, नवाबाची गोष्ट सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय.

म्हणजे बघा, खोट्याला आता साक्षीदार झालेत आणि खऱ्याला एक बी न्हाई. चांद बोलला तर म्हणणार म्हातारा बडबडतोय. उरलो कोण तर मी.

बाजारात माणसाची जबान हेच सगळं असतं. बैलाची दावण थोडी इकडंतिकडं सांगितली तरी चालती, ते सगळेच करत्यात. पण मोठ्या माणसाला फसवलं हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं म्हणजे उद्या जुना ट्रॅक्टर विकताना मी म्हणलो की इंजिन एकदाच उघडलंय, तर कोण ऐकणार? मी महिनाभर घरात बसून हिशेब केला आणि कुठूनबी केला तरी तोटाच यायला. मग एक दिवस उठलो आणि गेलो वडवणीला.

विक्रांतच्या हॉफिसात चार माणसं बसलेली, एक माझं गिऱ्हाईक. मी म्हणलो, ह्यांना बाहेर पाठव. मग म्हणलो, नको, बसू दे. आणि सांगितलं. नवाब मी बनवला. तुझ्या आजोबांना मी खोटं सांगितलं, भाव चढवायला. नंबर मी घासला. गाडी चांद मिस्त्रीनं बनवली, पहिल्या बोल्टापासनं.

पोरगं म्हणलं, काका, तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय, हे मी कसं ठरवू? मी म्हणलो, तेव्हा मला फायदा होता. आता काय हाय, तूच बघ.

त्यानं बघितलं. हुशार हाय, आजोबावर गेलाय. म्हणला, बोर्ड बदलतो, पण खाली तुमच्या नावानं कबुली लिहायची, सहीसकट. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर मी तुमच्याकडं बोट दाखवीन. आणि त्यानं लिहायला घेतलं, विक्रेत्याने माझ्या आजोबांची फसवणूक करून. मी म्हणलो, थांब, फसवणूक कशाला, गैरसमज लिही. म्हणला, कुणाचा गैरसमज? मी म्हणलो, बरं, सांगण्यात चूक झाली. म्हणला, चूक नव्हती ती. माझं गिऱ्हाईक तिथं बसून हसायलेलं. शेवटी ‘मी खोटी गोष्ट सांगितली’ असं लिहायचं, इथवर आणलं त्याला. फसवणुकीपेक्षा बरं. आणि मग त्यानं पेन खाली ठेवला आणि म्हणला, काका, आजोबांचं समजलं, पण मिस्त्रींना का नाही सांगितलंत इतकी वर्षं?

मी म्हणलो, ते बोर्डावर लिहायचं न्हाई. बाकी काय लिहायचं ते लिही. आणि सही केली. न वाचता सही केली मी, आयुष्यात पहिल्यांदा.

आता ऐका पुढचं, माझं रक्त आटलं ते इथं. पुण्याचे जाणकार आले, नवा बोर्ड वाचला आणि नाचायचेच राहिले. म्हणले, राजे-नवाबांच्या गाड्या ढिगानं हायत, पण खेड्यातल्या मिस्त्रीनं मिलिटरीच्या भंगारातनं, पेचकसानं ऐकून बांधलेली गाडी आमी दुसरी बघितली न्हाई. किंमत वाढली म्हणे, कितीतरी पटीनं. विक्रांतनं मला फोन करून सांगितलं, पेढे पाठवतो म्हणला. मी म्हणलो नको पाठवू. पस्तीस वर्षांपूर्वी मी खरं सांगितलं असतं तर. जाऊ द्या. तवा पुण्याचे जाणकार बाजारात येत न्हवते.

बाजारात आता माझी काय गत हाय ते विचारू नका. जुन्या ट्रॅक्टरवर हात ठेवला की पोरं म्हणत्यात, भानुशेठ, हा कुठल्या नवाबाचा? दोन सौदे गेले माझे. परळीवाल्याचा पोरगा मुद्दाम कार्यालयात जाऊन बोर्डापुढं फोटो काढून आला, माझ्या नावावर बोट ठेवून, आणि सगळ्यांच्या मोबाईलवर टाकला. टाकू दे.

चांदला विक्रांतनं गाडी पाठवून नेलं, शाल दिली, काच उघडून आत बसवलं. मला बोलावलं होतं, मी गेलो न्हाई. मला वाटलं आता तो येईल, निदान ट्रॅक्टरखाली शिरायचं थांबवेल. तीन आठवडे झाले, काही न्हाई.

काल नसीमचा फोन आला. म्हणाली, काका, अब्बा म्हणत्यात बोर्ड चुकीचा हाय. मी म्हणलो, आता काय चुकलं? म्हणाली, बोर्डावर तीन गाड्यांपासनं बनवली लिहिलंय, ते चार पाहिजे. मागच्या चाकांचं हौसिंग, म्हणजे दोन चाकांमधला लोखंडी डबा, परळीच्या टॅक्सीचं होतं. मी म्हणलो, असं काही न्हवतं, जीपचंच होतं, मी होतो की तिथं. तर फोनमध्ये मागनं आवाज आला, आठ महिन्यांनी पहिल्यांदा, भान्याला सांग, त्याला गाडीतलं काय कळतंय, तो बाहेर उभा राहून मला लवकर कर म्हणायचा, जीपचं हौसिंग पहिल्याच आठवड्यात फुटलं तवा मी रातोरात टॅक्सीचं टाकलं, त्याला सांगितलं न्हाई, घाबरला असता.

मी म्हणलो, नसीम, फोन त्याला दे. ती म्हणाली, न्हाई घेत म्हणत्यात. मागनं परत आवाज, उसको बोल, लिहून आण नीट.

म्हणजे सहा वर्षं मी ज्या गाडीवर जीव टाकून पळालो तिच्या बुडाखाली काय हाय ते मला ठाऊक न्हवतं, आणि हे गृहस्थ माझ्या शेजारी बसून गप्प. हा खोटा न्हाई, मी खोटा. आता उद्या परत वडवणीला जायचं, त्या गोड पोराला सांगायचं की सोनेरी अक्षरं पुन्हा खरवड. तो म्हणणार, काका, कागद आहे का? मी काय सांगणार हाय, ते आत्ताच ठरवलंय. म्हणणार, मिस्त्री म्हणतोय म्हणून.

अल्ला त्याला शंभर वर्षं देवो आणि विठोबा मला तेवढी सहन करायची ताकद देवो. बंद करा आता ते मशीन, चहा गार झाला.